तिसरी तार

आपल्या समाजाच्या घरात गाणे नुसत्या करमणुकीसाठी कधीच आले नाही. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. तेव्हा गॅसबत्तीच्या उजेडात, ध्वनिक्षेपक नसताना, शाहीर उघड्या गळ्याने गात आणि बाया-माणसे मध्यरात्रीपर्यंत मांडी घालून ऐकत. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी आणि पुढे महाकवी वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) बाबासाहेबांचा विचार ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्या कानापर्यंत पोचवला. मग कॅसेटचा काळ आला आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या फळीवर येऊन बसला. आज बहुतेक गाणी मोबाइलमध्ये मावतात. तरीही आपल्या कितीतरी घरांत ॲम्प्लिफायर, डेक आणि दोन स्पीकरची खोकी अजून जपून ठेवलेली दिसतील. त्यावर भरतकामाचा रुमाल असतो, शेजारी बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो असतो.

त्या यंत्रावरची धूळ आपण रोज पुसतो. ते यंत्र ज्या बोर्डात खोचलेले असते, त्याच्याकडे मात्र कोणी पाहत नाही. तो बोर्ड कपाटामागे, फळीखाली, कोळिष्टकात पडलेला असतो. आज आम्हाला त्याच बोर्डाविषयी लिहायचे आहे. विषय घरगुती आहे, थोडा तांत्रिकही आहे. पण त्यात घरातल्या माणसाचा जीव गुंतलेला असतो, म्हणून या कौटुंबिक पानावर त्याला जागा असावी असे आम्हाला वाटते.

आईच्या बोटांना मुंग्या

आमची खोली कल्याण पूर्वेच्या एका चाळीत. दहा बाय बाराची खोली, एका कोपऱ्यात मोरी. मोरीपासून चार हातांवर फळी आणि फळीवर गाण्याचे सामान. ॲम्प्लिफायर जुना, लोखंडी अंगाचा. जोडीला कॅसेट डेक, डिस्क लावायचा प्लेअर आणि टीव्ही. या सगळ्यांच्या पिना एकाच लांब बोर्डात. बोर्ड बाजारातून तयार आणलेला, लाकडी, वर सनमायका, चार सॉकेट, एक बटण आणि एक लाल दिवा. घरात इस्त्री करायची झाली की तीही त्याच बोर्डावर.

आमच्या आईचा नेम असा की सकाळी मोरीवरून उठायचे, ओल्या हातापायांनीच येऊन वंदनेची कॅसेट लावायची आणि मग त्रिशरण-पंचशील म्हणायला बसायचे. पावसाळा लागला तसे ती म्हणू लागली, "मशीनला हात लावला की मुंग्या येतात रे." आम्ही हात लावला तर काही जाणवेना. आईच म्हणाली, "वयाचं असेल. रक्त कमी झालं असेल." आपल्या आयाबाया प्रत्येक दुखण्याचे कारण स्वतःच्या अंगात शोधतात. वीज अंगात शिरली तरी दोष रक्ताला!

त्याच आठवड्यात आमची भाची घरी आली. तिने आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स केला आहे आणि ती एका परवानाधारक ठेकेदाराकडे कामाला आहे. तिने खिशातला टेस्टर काढून ॲम्प्लिफायरच्या अंगाला लावला. टेस्टरचा दिवा पेटला.

"मामा, हा बोर्ड किती वर्षांचा?"

"तू जन्मली नव्हतीस तेव्हाचा."

"मग त्याला आता निवृत्ती द्या."

आई म्हणाली, "अगं, एवढी वर्षं चाललंय ना? जराशा मुंग्या येतात, त्यात काय!"

"आजी, त्या मुंग्या नाहीत, ती वीज आहे. तिला जमिनीत जायला दुसरा रस्ता ठेवलेला नाही, म्हणून ती तुझ्या अंगातून जाते. मामांचे पाय कोरडे, म्हणून त्यांना कळत नाही. तुझे पाय ओले असतात."

त्यावर घरात कोणी काही बोलले नाही.

तीन छिद्रे, दोन तारा

मेन स्विच बंद करून भाचीने बोर्डाचे चार स्क्रू काढले. वरून प्रत्येक सॉकेटला तीन छिद्रे होती. आत तारा मात्र दोनच होत्या, एक फेज आणि एक न्यूट्रल. वरच्या मोठ्या छिद्राला काहीही जोडलेले नव्हते. ते छिद्र नुसते शोभेला होते.

हे मोठे छिद्र अर्थिंगचे असते. तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन बाकीच्या दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब असते ती उगीच नाही. प्लग खोचताना ती सगळ्यांच्या आधी लागावी आणि काढताना सगळ्यांच्या शेवटी सुटावी, म्हणून ती लांब केलेली असते. यंत्राच्या लोखंडी अंगापासून निघालेली तार या पिनेतून भिंतीत आणि भिंतीतून जमिनीत जाते. आत कुठे इन्सुलेशन कच्चे झाले आणि वीज अंगावर उतरली, तर ती माणसाची वाट न पाहता या तारेने जमिनीत जावी, हा त्यातला हेतू. ही तिसरी तार रोजच्या चालण्यात काहीही काम करत नाही. ती नसली तरी गाणे वाजते, दिवा लागतो, टीव्ही दिसतो. म्हणूनच बनवणारा ती वगळतो आणि घेणाऱ्याला कळत नाही.

आत आणखीही बरेच काही दिसले. तार अगदी बारीक होती. एका सॉकेटवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी नुसती पिळा देऊन नेलेली होती. इस्त्री ज्या सॉकेटला लागायची, तिथली पितळी पट्टी काळी पडली होती आणि बाजूचे लाकूड करपले होते. सैल सांध्यातून जास्त प्रवाह गेला की सांधा तापतो, तापला की आणखी सैल होतो आणि एक दिवस पेट घेतो. गाण्यातही जी खरखर मधूनमधून येत होती, ती या सांध्यांचीच होती. आम्ही तिचा दोष कॅसेटला देत होतो.

हिशेब

भाचीने वहीवर हिशेब मांडून दाखवला. तो सोपा आहे, शाळेतल्या मुलांनाही जमेल. आपल्या घरात वीज २३० व्होल्टने येते. यंत्रावर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागले की अँपिअर निघतात. आमचा ॲम्प्लिफायर मोठ्यात मोठ्या आवाजात २०० वॅट घेतो. डेक, प्लेअर, टीव्ही सगळे मिळून आणखी १०० धरा. म्हणजे ३०० वॅट, जेमतेम सव्वा अँपिअर. साधे सॉकेट ६ अँपिअरचे असते, तेव्हा गाण्याचा भार काहीच नाही. पण हजार वॅटची इस्त्री एकटी साडेचार अँपिअरच्या जवळ जाते. जोडीला पाणी तापवायची दीड हजार वॅटची किटली लावली, तर दोन्ही मिळून अकरा अँपिअरच्या आसपास. ही दोन्ही कामे त्या बारीक तारेवर करणे म्हणजे आगीला बोलावणे.

म्हणून पहिला नियम असा ठरला की गाण्याच्या पेटीवर फक्त गाण्याचे सामान लागेल. इस्त्री आणि किटलीला भिंतीवर वेगळे १६ अँपिअरचे सॉकेट, वेगळ्या तारेने.

दुसरी गोष्ट आम्हाला नवीन होती. घरात एमसीबी बसवलेली होती, तेव्हा शॉकची काळजी नाही, असे आमच्यासारखेच पुष्कळ लोक मानतात. भाची म्हणाली, "मामा, एमसीबी तारेला वाचवते, माणसाला नाही." १० अँपिअरची एमसीबी म्हणजे दहा हजार मिलिअँपिअरपर्यंत ती गप्प बसणार. आणि माणसाच्या छातीतून शंभर मिलिअँपिअरच्या आतला प्रवाह काही क्षण गेला, तरी हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. माणसाला वाचवायला आरसीसीबी नावाचे वेगळे उपकरण असते. ते फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज यांची सतत तुलना करते. गेलेली आणि आलेली सारखी असेल तर ठीक. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून किंवा यंत्राच्या अंगातून बाहेर पळाली, हे ओळखून ते सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत सगळे बंद करते. त्यावर एक छोटे बटण असते, टी अक्षराचे. महिन्यातून एकदा ते दाबून पाहायचे. खटका पडला तर उपकरण शाबूत आहे.

आरसीसीबीलाही मर्यादा आहे. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर तिला फरक कळत नाही. तेव्हा ती बसवली म्हणून निष्काळजी होऊन चालत नाही.

सोनेरी पट्टी आणि कालामांचा धडा

सामान आणायला आम्ही मुंबईला गेलो. तारा, एमसीबी, सॉकेट असे विजेचे सामान लोहार चाळीच्या बाजारात मिळते आणि ध्वनियंत्रणेचे सुटे भाग लॅमिंग्टन रोडला. तिथे एका दुकानात आम्हाला सोनेरी मुलाम्याची, जाडजूड केबलची एक तयार पट्टी दाखवण्यात आली. किंमत ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दुकानदार म्हणाले, "यावर लावा, आवाज खुलतो. ढोलकीला वजन येतं, गळा गोड होतो."

भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालाम लोकांना सांगितले होते की एखादी गोष्ट ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आली आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा मोठा माणूस सांगतो म्हणून खरी मानू नका, स्वतः पारखून पाहा. हा उपदेश विहारात ऐकायचा आणि दुकानात विसरायचा, असे कसे चालेल? आमच्या शेजारच्या मुलाने तशीच एक सोनेरी पट्टी आधी घेतलेली होती. आमची पेटी तयार झाल्यावर आम्ही ती एका संध्याकाळी मागून आणली. मध्ये पडदा लावला. ॲम्प्लिफायरची पिन कधी आमच्या पेटीत, कधी सोनेरी पट्टीत, असे भाची पडद्यामागे दहा वेळा करत होती. तेच गाणे, तोच आवाज. ऐकणाऱ्यांनी फक्त ओळखायचे. कोणाचे चार बरोबर आले, कोणाचे सहा. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी एवढीच आली असती. शेजारचा मुलगा हसला आणि म्हणाला, "पैसे गेले, पण अक्कल आली."

याचे कारणही साधे आहे. वीज आपल्या घरी येते ती कित्येक मैल तारांवरून, ट्रान्सफॉर्मरमधून, खांबावरून, चाळीच्या जुन्या वायरिंगमधून. शेवटच्या दीड मीटरला सोन्याचा मुलामा दिल्याने मागचे काही बदलत नाही. नव्या पेटीने गाण्यातली खरखर गेली, हे खरे. पण वामनदादांचा गळा आधी जसा होता, तसाच राहिला. तो गोड करायला पेटीची गरज नव्हतीच.

म्हणून पैसा कुठे घालावा, हे आम्हाला नीट कळले. चमकणाऱ्या वस्तूवर घालू नये. तांब्यावर, पक्क्या सांध्यावर, आरसीसीबीवर आणि अर्थिंगवर घालावा.

चाळीचा खड्डा

आता खरी अडचण पुढे आली. पेटी कितीही चांगली केली, तरी तिसरी तार जोडायची कुठे? चाळीचे मूळ वायरिंग दोन तारांचे. चाळीतल्या एका जुन्या माणसाने सुचवले, "नळाच्या पाइपाला बांधा." दुसऱ्याने सांगितले, "सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाका, सगळे वायरमन करतात."

भाचीने दोन्ही गोष्टींना ठाम नकार दिला. नळाचा पाइप आता अर्ध्या ठिकाणी प्लास्टिकचा असतो. तिथे वीज जमिनीत जात नाही, पाइपात अडकते आणि खालच्या मजल्यावर नळ उघडणाऱ्या बाईला झटका बसतो. आपला बचाव करायला शेजाऱ्याचा जीव टांगणीला लावायचा, हे शीलात बसत नाही. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये जोडणे त्याहून वाईट. कधी मागे न्यूट्रलची तार तुटली, तर यंत्राच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येऊन उभे राहतात.

शोध घेता जिन्यामागे राडारोड्याखाली चाळीचा जुना अर्थिंगचा खड्डा सापडला. झाकण फुटलेले, आतला पाइप गंजून गेलेला. आम्ही चाळीतल्या अठरा खोल्यांना बैठकीला बोलावले. काही जण म्हणाले, "अर्थिंग म्हणजे श्रीमंतांचे चोचले." काहींनी विचारले, "गाणं तुम्हाला ऐकायचं, वर्गणी आम्ही का द्यावी?" तेव्हा आमच्या आईनेच उत्तर दिले. ती म्हणाली, "फ्रीज कुणाकडे आहे? वॉशिंग मशीन कुणाकडे आहे? पाण्याची मोटार कुणाच्या दारात आहे? हात सगळ्यांचेच ओले होतात."

वर्गणी जमली. ठेकेदार स्वतः येऊन पाहून गेले. अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, चाळीस मिलिमीटर व्यासाचा, जमिनीत उभा उतरवला. भोवती लोणारी कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, कारण त्यामुळे ओल धरून राहते आणि वीज मातीत सहज पसरते. वर पाणी ओतायला नरसाळे आणि सिमेंटचे झाकण. काम झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजणी करून घेतली. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायची पाळी चाळीतल्या मुलांनी वाटून घेतली. तिथून हिरवी तार मीटरच्या खोलीत आणि मीटरच्या खोलीतून प्रत्येक घरात गेली. ती तार कोणाच्या घरी किती पगार येतो, हे विचारत नाही. अठराही खोल्यांना ती सारखीच वाचवते.

पेटी

आमची पेटी भाचीने एका रविवारी बसवली. जमिनीवर लोळणारा बोर्ड गेला आणि फळीच्या बाजूला, मोरीपासून दूरच्या भिंतीवर, छातीच्या उंचीवर लोखंडी मॉड्युलर बॉक्स आला. बॉक्स लोखंडी, म्हणून आधी त्याच्याच अंगाला हिरवी तार स्क्रूने घट्ट केली. मीटरच्या बाजूने तीन तारा आणल्या: लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. तिन्ही तांब्याच्या, अडीच एमएमच्या. वायरमन अडीच एमएम म्हणतात, म्हणजे तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ अडीच चौरस मिलिमीटर. आत आधी आरसीसीबी, मग १० अँपिअरची एमसीबी. त्यानंतर तीन पितळी लिंक आणि प्रत्येक सॉकेटला लिंकवरून स्वतंत्र तार. एकावरून दुसऱ्याला नेलेली एकही नाही. प्रत्येक टोकाला थिंबल दाबून बसवले आणि प्रत्येक स्क्रू आवळल्यावर तार ओढून पाहिली. चार सॉकेट वापराची, दोन पुढच्यासाठी. सगळे झाल्यावर ठेकेदारांनी पुन्हा तपासून दिले.

काम चालू असताना दारात बायामाणसांची गर्दी झाली होती. एक काकू म्हणाल्या, "पोरीच्या जातीला विजेचं काम झेपतं का?" भाची शिडीवरूनच म्हणाली, "काकू, विजेला पोरगा-पोरगी कळत नाही. सांधा पक्का की कच्चा, एवढंच कळतं." त्याच काकूंनी पुढच्या आठवड्यात आपल्या घराचे बोर्ड तपासायला तिलाच बोलावले.

ॲम्प्लिफायर लावला. टेस्टर अंगाला लावला, दिवा पेटला नाही. आईने ओल्या हाताने स्पर्श करायला हात पुढे केला, तेव्हा आम्ही तिला थांबवले. हात पुसण्याची सवय अर्थिंग झाल्यावरही सोडायची नसते.

पण एक गंमत झाली. खरखर गेली आणि मुंग्या गेल्या, तरी स्पीकरमधून बारीक घुंईऽऽ असा आवाज चालू झाला, जो आधी एवढा नव्हता. ओळखीच्या एका मेकॅनिकने लगेच तोडगा सांगितला, "ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन मोडून टाका. हमिंग जाईल." हा तोडगा सर्रास दिला जातो, म्हणून वाचकांना सावध करत आहोत. पिन मोडली की हमिंग जाते हे खरे, पण माणसाला वाचवणारी तारही जाते.

भाचीने एकेक जोडणी काढून पाहिली. टीव्हीला आलेली केबलची तार सैल केली आणि आवाज एकदम बंद झाला. केबलवाल्याची तार बाहेर कुठेतरी दुसरीकडे जमिनीला टेकलेली होती. ॲम्प्लिफायर आमच्या खड्ड्याला टेकलेला. दोन ठिकाणी टेकले की दोहोंच्या मधून थोडी वीज फिरत राहते आणि ती स्पीकरमधून गुणगुणते. टीव्हीपासून ॲम्प्लिफायरला येणाऱ्या तारेत छोटे ट्रान्सफॉर्मर असलेली आयसोलेटरची डबी टाकली. हमिंग गेली, अर्थ पिन शाबूत राहिली.

विजेवरचा हक्क

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. मजुरांबरोबर वीज आणि पाणी हे विषयही त्यांच्याकडे होते, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी मांडले की देशाला स्वस्त आणि मुबलक वीज हवी, कारण तिच्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्य हटणार नाही. वीज त्यांनी चैनीची वस्तू मानली नाही. ती गरिबाला गरिबीतून बाहेर काढण्याचे साधन आहे, असे ते पाहत होते.

आज वीज आपल्या बहुतेक घरांत आली आहे. पण सुरक्षित वीज अजून सगळ्यांच्या वाट्याला आलेली नाही. नव्या टॉवरमध्ये तिसरी तार भिंतीत आपोआप येते. चाळीत, झोपडपट्टीत, गावच्या वस्तीत ती मागून घ्यावी लागते, कधी स्वतः खड्डा खणून आणावी लागते. 'गरिबाच्या घरात एवढे चालायचेच' हे वाक्य आपण पाण्याच्या बाबतीत ऐकून घेतले नाही, शाळेच्या बाबतीत ऐकून घेतले नाही. विजेच्या बाबतीतही ऐकून घेण्याचे कारण नाही.

आणि हे काम शिकायला आपली मुले-मुली पुढे यायला हवीत. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा कोर्स दोन वर्षांचा आहे. त्यात पोट भरण्याची विद्या आहे आणि दुसऱ्याचा जीव राखण्याचे कामही आहे. सम्यक आजीविका म्हणतात ती याहून वेगळी काय असणार?

जयंतीच्या आधी

आमच्या विहारातला माइक आणि ॲम्प्लिफायरही अशाच जुन्या बोर्डावर होते. उपासिका संघाने आमची पेटी पाहून विहारातही तशीच बसवून घेतली. तिथे वंदना म्हणणारी मुले अनवाणी, फरशीवर, लोखंडी माइक हातात धरून उभी असतात. त्यांच्यासाठी आरसीसीबी घरापेक्षाही जास्त गरजेची.

वाचक बंधू-भगिनींना आमची विनंती एवढीच आहे. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की आपण घर रंगवतो, निळी तोरणे लावतो, गाण्याचे यंत्र पुसून ठेवतो. त्याच वेळी जाणत्या, परवानाधारक वायरमनला बोलावून बोर्ड तपासून घ्या. स्वतः उघडू नका. त्याला तीन प्रश्न विचारा: तिसऱ्या छिद्रात तार आहे का? ती खरोखर जमिनीत पोचते का? घरात आरसीसीबी आहे का? बोर्डावर काळे डाग दिसले, प्लग गरम लागला, यंत्राला हात लावताच मुंग्या आल्या, तर त्या दिवशी गाणे बंद ठेवा. विजा चमकू लागल्या की पिना काढून ठेवा. आणि घरातली म्हातारी माणसे 'वयाचं असेल' म्हणाली, तर त्यांचे म्हणणे तेवढ्यावर सोडू नका. आधी टेस्टर लावून पाहा.

खर्च करायचाच असेल, तर आधी तिसऱ्या तारेवर करा. नवे स्पीकर पुढच्या जयंतीला घेता येतील.

जयभीम!